ऐकू जाईल इतक्या आवाजातले स्वगत

समोरच्या माणसाचे वय कळल्याशिवाय कोरियन माणसाला त्याच्याशी धड एक वाक्य पुरे करता येत नाही. क्रियापदाच्या शेवटी काय लावायचे, हे समोरचा आपल्याहून मोठा की लहान, वरच्या हुद्द्यावरचा की बरोबरीचा, परका की घरचा यावर ठरते आणि ते लावल्याशिवाय वाक्य संपत नाही. मराठीतही आपण 'ये' आणि 'या' यांत निवड करतोच; पण 'पाऊस पडतोय' हे वाक्य आपण आजोबांना, सोसायटीच्या वॉचमनला आणि खिडकीतल्या मांजराला एकाच रूपात ऐकवू शकतो. कोरियनमध्ये ती सवलत नाही. तिथे पावसाची बातमी देतानाही ऐकणाऱ्याची पायरी क्रियापदात नोंदवावी लागते. मानाने बोलण्याला 'जोन्देन्माल' म्हणतात आणि सलगीने बोलण्याला 'बान्माल'. म्हणूनच नवी ओळख झाली की चहा-कॉफी येण्याच्या आत 'आपला जन्म कोणत्या सालचा?' हा प्रश्न येतो आणि त्यात कोणालाही आगाऊपणा वाटत नाही. जन्मतःच मुलाला एक वर्षाचे धरायचे आणि दर एक जानेवारीला साऱ्या देशाचे वय एकदम वाढवायचे, ही तिथली जुनी रीत २०२३ सालच्या जूनमध्ये कायद्याच्या व्यवहारातून बाद झाली. पण जन्मसाल विचारणे काही थांबले नाही, कारण त्याशिवाय बोलणार कसे? सैन्यात तर कनिष्ठ शिपायाचे प्रत्येक वाक्य 'दा' किंवा 'का' यांवरच संपले पाहिजे असा दंडक होता. तो सैल व्हायला २०१६ साल उजाडावे लागले.

अशा भाषेत माणूस वैतागला, तर त्याने बोलायचे कसे, हा प्रश्न मला कोरियन शिकायला लागल्यापासून पडत आला आहे. वैतागलेला माणूस हुद्दा बघत बसत नाही आणि ही भाषा तर हुद्दा बघितल्याशिवाय तोंड उघडू देत नाही. पुढे सोलमध्ये राहून आणि नंतर पुण्याजवळच्या कारखान्यांत दुभाष्याचे काम करून जे उत्तर मला सापडले, ते असे की कोरियन माणूस वैतागला म्हणजे तो समोरच्याशी बोलणेच थांबवतो. तो स्वतःशी बोलू लागतो. फक्त आवाज असा ठेवतो, की समोरच्याला प्रत्येक अक्षर ऐकू जावे. आपल्या जुन्या नाटकांत नट प्रेक्षकांकडे तोंड करून स्वगत म्हणायचा आणि शेजारी उभ्या असलेल्या पात्राला ते ऐकू येत नाही, असे सगळ्यांनी धरून चालायचे असा संकेत होता. कोरियात तो संकेत उलटा आहे. शेजारच्या पात्राला ऐकू यावे यासाठीच स्वगत म्हणायचे आणि त्याने मात्र ते ऐकलेच नाही, असे दाखवायचे.

ही सोय खुद्द व्याकरणाने करून ठेवली आहे. कोरियन क्रियापदाला '-ने' असा एक प्रत्यय लागतो. डोळ्यांसमोर काहीतरी घडले, ते आत्ता ध्यानात आले आणि ते आपल्याच तोंडून निसटले, असा त्याचा भाव असतो. खिडकी उघडल्यावर कोणी 'पिगा ओने' म्हणाले, तर त्याला 'अरे, पाऊस आला की!' एवढेच म्हणायचे असते. हे वाक्य कोणाला सांगितलेले नसते, त्यामुळे त्यात कोणाचा मान राखायचाही नसतो. आता वैतागाचे ठेवणीतले उद्गार पाहावेत. 'ऑईगा ऑम्ने' म्हणजे याला काय म्हणावे तेच कळेना. 'मिछिगेन्ने' म्हणजे वेड लागायची पाळी आली. 'उत्किगो इन्ने' म्हणजे काय पण विनोद चाललाय. या सगळ्यांच्या शेवटी तोच '-ने' येतो. बोलणाऱ्यावर उद्या आळ आलाच, तर तो म्हणू शकतो की मी कुठे कोणाला काही बोललो? माझे मलाच सुचले. आपल्याकडे 'लेकी बोले सुने लागे' ही कला घरोघरी मुरलेली आहे. पण तिला निदान एक लेक लागते. कोरियनांनी मधली लेकसुद्धा काढून टाकली आहे.

दुभाष्याची मात्र यात पंचाईत होते. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात कोरियन कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे अनेक मराठी उद्योजक आहेत आणि त्यांच्या बैठकांना मी पुष्कळ बसले आहे. अशाच एका बैठकीत माल वेळेवर का आला नाही, याचा खुलासा चालू होता. पुरवठादार सांगत होते, "साहेब, गाडी निघालीये. नाशिक फाट्याला अडकलीये." मी ते कोरियनमध्ये सांगितले. समोर बसलेले उत्पादन विभागाचे बुजांग-निम, म्हणजे विभागप्रमुख, यांनी चष्मा कपाळावर चढवला, 'हा' असा एक लांब श्वास सोडला, टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचे झाकण अर्धा फेरा उलटे आणि अर्धा फेरा सुलटे फिरवले आणि बाटलीकडे पाहत म्हणाले, "छाम ना." मग चष्मा पुन्हा नाकावर घेऊन त्यांनी अत्यंत आदराच्या रूपात विचारले, की मग आपली गाडी साधारण किती वाजता पोहोचू शकेल? मी तो प्रश्न मराठीत सांगितला. पुरवठादार माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, ते मधे काहीतरी म्हणाले ना?"

दुभाष्याने ऐकलेले सगळे सांगायचे असते, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे. पण तो नियम दुसऱ्या पक्षाला उद्देशून बोललेल्या गोष्टींचा आहे आणि 'छाम ना' हे तर बाटलीला उद्देशून होते. मी म्हटले, "काही नाही, स्वतःशीच बोलले." त्यावर ते गृहस्थ म्हणाले, "पण माझ्याबद्दलच ना?"

त्यांना कोरियनचे अक्षरही येत नव्हते, तरी निरोप पोहोचला होता. तो तसाच पोहोचावा, अशीच बुजांग-निमांची इच्छा होती. हाच संताप त्यांनी वाक्यात घातला असता, तर त्याला कर्ता लागला असता, क्रियापद लागले असते, मानाची किंवा अपमानाची पायरी निवडावी लागली असती आणि ती बैठकीच्या लेखी मिनिट्समध्ये गेली असती. बाटलीच्या झाकणाजवळ सोडून दिलेल्या दोन अक्षरांची नोंद कोणी ठेवत नाही. 'छाम' म्हणजे खरे आणि 'ना' म्हणजे मी, पण या दोघांची बेरीज करून हाती काही लागत नाही. त्याचा उलटा क्रमही चालतो: 'ना छाम'. मध्ये एक 'वॉन' घालून 'ना वॉन छाम' असा पिढीजात थाट करता येतो. तो मला बहुतेक वेळा पन्नाशीपुढच्या पुरुषांच्या तोंडी ऐकू आला.

या स्वगताला आवाजाची मर्यादा असते आणि ती फार काटेकोर असते. शुक्रवारी संध्याकाळी निघायच्या वेळी वरिष्ठाने सोमवार सकाळसाठी एक तक्ता मागितला, की कनिष्ठ अधिकारी उभा राहून 'ने, आल्गेस्सुम्निदा' म्हणतो, म्हणजे 'होय, लक्षात आले' असे सर्वांत औपचारिक रूपात सांगतो. मग जागेवर बसतो आणि संगणकाचा पडदा उजळेपर्यंत 'एह्यू' असा उसासा टाकतो. तो उसासा शेजारच्या दोन टेबलांपर्यंत गेला, तर सहकाऱ्यांची सहानुभूती मिळते. तोच वरिष्ठाच्या टेबलापर्यंत गेला, तर 'आत्ता उसासा टाकलास का?' असा प्रश्न येऊ शकतो. कारण वडीलधाऱ्यांसमोर उसासा टाकणे तिथे सरळ उद्धटपणात मोडते. श्वासाचीही पायरी ठरलेली आहे म्हणायची. 'आइश्शी' हा उद्गार तर या मर्यादेच्या पूर्ण बाहेरचा, कारण एका गलिच्छ शिवीचे पहिले अक्षर उच्चारून तो तिथेच थांबतो. दैवाची गंमत अशी, की आमच्याकडच्या कारखान्यांत मराठी पोरांनी 'पाल्ली पाल्ली', म्हणजे 'लवकर, लवकर', यानंतर जो दुसरा कोरियन शब्द उचलला तो हाच होता. ती पोरे त्याला आपल्या 'अरेच्चा'चा भाऊ समजत आणि मशिन बंद पडले की कोरियन अभियंत्यांच्या देखत मोठ्या उत्साहाने म्हणत.

'ऑईगा ऑम्ने' या उद्गाराची कथा थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. २०१५ साली दक्षिण कोरियात एक पोलीसपट प्रचंड चालला. त्यातला श्रीमंत, माजोरडा खलनायक समोरच्या गरीब माणसाला विचारतो, की जात्याच्या खुंट्याला काय म्हणतात ठाऊक आहे का? त्याला 'ऑई' म्हणतात. दळायला बसावे आणि बघावे तर खुंटाच नाही, अशा वेळी माणूस म्हणतो, 'ऑईगा ऑम्ने', खुंटाच नाही की! त्या संवादानंतर ही व्युत्पत्ती शाळकरी मुलांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सर्वांना पाठ झाली. मलाही ती पहिल्यांदा एका टॅक्सीवाल्यानेच सांगितली आणि खुंटा कसा धरतात ते दाखवण्यासाठी सिग्नलला स्टिअरिंग सोडून हातही फिरवून दाखवला. भाषेचे अभ्यासक मात्र या कथेला आधार नाही असे म्हणतात. कोरियन प्रमाणभाषेच्या शब्दकोशात जात्याच्या खुंट्याला वेगळाच शब्द आहे आणि 'ऑई'चा जो मोठा भाऊ 'ऑचॉगुनी', त्याचा अर्थ अचाट मोठी वस्तू किंवा अचाट मोठा माणूस असा दिलेला आहे. राजवाड्यांच्या छपरांच्या कण्यावर ओळीने बसवलेल्या चिमुकल्या मूर्तींशीही काही लोक त्याचा संबंध जोडतात.

कथा खोटी असली तरी ती लोकांना इतकी का पटली, हे मला कळू शकते. जात्याशी बसलेल्या बाईला बोलायला माणूस नसतो आणि सांगण्यासारखे पुष्कळ असते. आपल्या आज्या-पणज्यांनी पहाटे खुंट्याला हात घालून, जात्याला ईश्वर म्हणून हाक मारून सासरचे जे जे सांगितले, ते घरात आडव्या पडलेल्या सगळ्यांना ऐकू जात होते आणि तरीही ती ओवी होती, भांडण नव्हते. कोरियातल्या सुनेला तर बोलण्यावरची बंदी जवळजवळ वर्षे मोजून दिलेली होती. 'तीन वर्षे बहिरी, तीन वर्षे मुकी, तीन वर्षे आंधळी' ही सासुरवासाबद्दलची तिथली जुनी म्हण आहे आणि ती आजही आठवणीने, थोड्या कडू हसण्यासह, सांगितली जाते.

जे बोलायचे नाही ते मग शरीरात साठते, ही कोरियन भाषेची पक्की समजूत आहे आणि वैतागाचे निम्मे उद्गार तिथूनच आले आहेत. 'किगा माख्यॉ' म्हणजे 'की' अडली. 'की' ही चिनी वैद्यकातून आलेली, अंगात खेळती राहणारी प्राणशक्ती. समोरची गोष्ट इतकी अविश्वसनीय आहे की ती शक्ती वाटेतच तुंबली, असे सांगायचे असते. गंमत म्हणजे अत्यानंदातही ती तुंबते: एखाद्या खानावळीतले सूप अप्रतिम असेल तर ते 'की अडवण्याइतके चविष्ट' असते. 'सोक थॉज्यॉ' म्हणजे आतले सगळे फुटायला आले. 'यॉल बादा' म्हणजे उष्णता चढली, आपल्या 'डोके तापले'ची सख्खी बहीण. आणि या सगळ्यांची जननी म्हणावी अशी अवस्था म्हणजे 'ताप्ताप'. हवा कोंदलेली खोली ताप्ताप असते, गळ्याशी आवळलेली कॉलर ताप्ताप असते, दहा वेळा समजावूनही न कळणारा माणूस ताप्ताप असतो आणि मनातले प्रेम सोळाव्या भागापर्यंत न बोलणारा मालिकेतला नायक तर फारच ताप्ताप असतो. आपल्या 'ताप'शी जुळणारा आवाज हा निव्वळ योगायोग आहे. पण माझ्या मराठी विद्यार्थ्यांना हा शब्द कधी पाठ करावा लागत नाही. तो उच्चारताना मूठ वळून छातीच्या मधोमध दोन-तीन ठोके देण्याची पद्धत आहे, जणू आत अडकलेले काहीतरी खाली सरकवायचे आहे.

गेल्या दशकात तरुणांनी या अवस्थेला रताळ्याचे नाव दिले. उकडलेले रताळे पाण्याशिवाय खाल्ले की घशाशी बसते, तसे जे कथानक, जो माणूस किंवा जी मीटिंग घशाशी बसते ती 'कोगुमा', म्हणजे रताळे. मग कोणीतरी एकदाचे तोंडावर खरे बोलते आणि सगळे मोकळे होते, तेव्हा ते बोलणे 'साइदा' ठरते. शब्द इंग्रजी 'सायडर'चाच, पण हा कोरियन साइदा सफरचंदाचा नसतो. तो १९५० सालापासून बाजारात असलेल्या छिल्सॉंग साइदासारखा लिंबाच्या स्वादाचा गोड सोडा असतो. त्याचा पहिला घोट रताळ्याला खाली ढकलतो. मालिकांच्या प्रेक्षकांनी या दोन शब्दांवर समीक्षेचे एक आख्खे शास्त्र उभे केले आहे: आजचा भाग रताळे होता, उद्या साइदा येईल. मालिकांत हे स्वगत देहबोलीतही चालते. मुलगा नको त्या मुलीशी लग्न करायचे म्हणाला, की उद्योगपती बाप काही बोलत नाही. तो मानेमागे हात नेतो आणि डोळे मिटून मागे कलतो. त्याचा रक्तदाब वाढला, हे प्रेक्षकांना कळते. 'मानेचा मागचा भाग धरणे' हा वाक्प्रचार आता मालिकेबाहेरही रूढ आहे आणि पंचविशीतली मुलेसुद्धा मोबाइलचे बिल पाहून मान धरतात.

या विनोदाच्या तळाशी असलेली गोष्ट विनोदी नाही. वर्षानुवर्षे गिळलेल्या रागाला कोरियात 'ह्वाब्यॉंग' हे आजाराचे नाव आहे. 'ह्वा' म्हणजे आग आणि 'ब्यॉंग' म्हणजे आजार. छातीवर दडपण, अंगातून उसळणारी ऊब, घशात गोळा आल्यासारखे वाटणे, अशी त्याची लक्षणे सांगतात आणि तो मध्यमवयीन स्त्रियांत विशेष आढळतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९९४ साली काढलेल्या निदान-पुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत, विशिष्ट संस्कृतींशी निगडित आजारांच्या यादीत, त्याची याच कोरियन नावाने नोंद झाली. 'मिछिगेन्ने' आणि 'सोक थॉज्यॉ' हे उद्गार मला म्हणूनच नुसते चुरचुरीत वाटत नाहीत. ते वाफ सोडण्याचे मार्ग आहेत आणि ज्यांना तेही वापरू दिले नाहीत, त्यांचे काय झाले याचीही नोंद झालेली आहे.

सोलच्या मांगवॉन भागात मी ज्या घरात भाड्याने राहत होते, तिथल्या घरमालकीणबाई या बाबतीत सुदैवी होत्या. त्यांनी काहीही गिळून ठेवले नव्हते. नोव्हेंबरअखेर घरोघरी वर्षाची किमची, म्हणजे मुरवलेल्या कोबीचे तिखट लोणचे, घालतात. या सामुदायिक कामाला 'किम्जांग' म्हणतात आणि २०१३ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. त्या दिवशी आजुमॉनींच्या (घरमालकीणबाईंना मी हीच हाक मारत असे) मोरीत खारवलेल्या कोबीचा डोंगर निथळत होता, त्यांच्या हातांत कोपरापर्यंत लाल रबरी मोजे होते आणि बुसानला असलेल्या मुलाचा फोन आल्यावर त्यांनी तो मला स्पीकरवर लावायला सांगितला. मुलगा म्हणाला, की यंदा येता येणार नाही आणि आई, तू उगाच दमू नकोस, मी किमची ऑनलाइन मागवली आहे.

आजुमॉनींच्या हातातला तिखटाने माखलेला मुळा तसाच राहिला. "म्वो?", म्हणजे 'काय?', एवढेच त्या फोनला म्हणाल्या. पुढचे सगळे कोबीला उद्देशून होते. "सेसांगे…" म्हणजे या जगात, काय हे! "किमची विकत. माझ्या घरात. नेगा मोस्सारा, नेगा." 'नेगा मोस्सारा' म्हणजे मला जगणे शक्य नाही, पण कोरियातल्या आया हे वाक्य भिजलेल्या मोज्यांपासून नापास मुलापर्यंत कशावरही म्हणतात. आपल्याकडे 'जीव नकोसा केलाय मेल्याने' म्हणणारी आई जशी त्याच श्वासात ताट वाढत असते, तसाच हा प्रकार असतो. बुसानहून मुलगा 'आई, ऐकतेस ना?' म्हणत राहिला आणि आई कोबीच्या एकेका पानाआड मसाला दाबत, त्या कोबीलाच त्याचे लहानपणापासूनचे गुण सांगत राहिली. शेवटी तिने फोनकडे मान वळवून अगदी वेगळ्या, कामाच्या आवाजात विचारले, "डबे किती पाठवू? कुरियरवाला चारला येतो."

वैतागाचे सर्वांत जुने आणि सर्वांत लवचीक अक्षर म्हणजे 'आइगो', आणि त्याच्यावर कोणाचीच मालकी नाही. म्हातारी माणसे बसताना आइगो म्हणतात, उठताना म्हणतात, नातू दिसल्यावर 'आइगो, माझं पिल्लू!' म्हणतात आणि भाजीचा भाव ऐकून तेच म्हणतात. जुन्या रीतीने होणाऱ्या अंत्यविधीत मृताच्या मुलांनी 'आइगो, आइगो' असाच आक्रोश करायचा असतो. एकच शब्द शोकालाही पुरतो आणि कांद्यालाही, हे पाहून परकी माणसे गोंधळतात. पण 'आई गं' म्हणत जन्म काढणाऱ्या मराठी माणसाला त्यात गोंधळण्यासारखे काही नसावे.

समुदायाचे स्वगत ऐकायचे असेल तर मात्र बेसबॉलच्या मैदानावर जावे आणि शक्य असेल तर देजॉन शहरातच जावे. तिथला हान्ह्वा ईगल्स हा संघ १९९९ साली एकदा अजिंक्य ठरला आणि त्यानंतर त्याने आपल्या चाहत्यांच्या सहनशक्तीची जी परीक्षा पाहिली, तिच्यामुळे त्या चाहत्यांना देशभर 'बोसाल', म्हणजे बोधिसत्त्व, अशी पदवी मिळाली. २०२० साली या संघाने सलग १८ सामने हरून १९८५ सालच्या एका जुन्या नकोशा विक्रमाशी बरोबरी केली. पराभव समोर दिसत असतानाही हे चाहते 'मी सुखी आहे' अशा अर्थाचे एक गाणे एका सुरात गातात, हे मी ऐकून होते. तिथल्या जुन्या मैदानावर ते प्रत्यक्ष पाहिले. माझ्या शेजारी नारिंगी जर्सी घातलेले एक आजोबा तळलेल्या कोंबडीचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. क्षेत्ररक्षकाच्या हातात सरळ येणारा चेंडू ग्लव्हला लागून खाली पडला. आपल्या वानखेडेवर अशा वेळी त्या खेळाडूच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. आजोबांनी हातातले हाड डब्यात ठेवले, कागदी रुमालाने बोटे एकेक करून पुसली आणि समोरच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीला सांगितले, "ह्वान्जांग हागेन्ने." पोटातले काळीज-आतडे जागचे हलले, असा त्याचा मूळ भाव. आजूबाजूच्या चार-सहा जणांनी आपापल्या समोरच्या हवेला तेच किंवा त्याच्या आसपासचे काही सांगितले. मग ढोल वाजला आणि सगळे, आजोबांसकट, आपण सुखी असल्याचे गाऊ लागले.

स्वतःचे मत बाजूला ठेवून दुसऱ्याच साक्षीदाराला पुढे करण्याचीही एक जुनी रीत आहे आणि ती मला फार आवडते. समोरच्याचे बोलणे हास्यास्पद आहे, असे कोरियन माणूस म्हणत नाही. तो म्हणतो, 'रस्त्याने जाणारा कुत्राही हसेल.' भलतेच काही कानांवर आले तर ते 'भुताने बियाणाचे भात सोलून खाल्ल्याचा आवाज' ठरते आणि ठेवलेली वस्तू जागेवरून नाहीशी झाली तर ते 'भुतानेही गळा काढावा असे प्रकरण' असते. कुत्रा आणि भूत या दोघांनाही वयाची पायरी नाही, त्यामुळे त्यांचा हवाला देऊन काकांनाही काही ऐकवता येते.

नव्या पिढीने हे सगळे एका अक्षरावर आणले आहे. 'हॉल' हा उद्गार ओठ गोल न करता, जबडा सैल सोडून, श्वास बाहेर टाकता टाकता म्हणायचा असतो. विश्वास न बसणे, कीव येणे, हबकणे, कंटाळणे या सगळ्यांना तो चालतो. 'देबाक', म्हणजे मूळचे घबाड, हा त्याचा आनंदी जोडीदार आहे. २०२१ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात कोरियन मुळाचे जे २६ शब्द एकदम घेतले गेले, त्यांत त्यालाही जागा मिळाली. 'देबाक'ला क्रियापद आणि मानाचा 'यो' जोडून शिक्षकांपुढे उभे करता येते. 'हॉल'ला कोणताच प्रत्यय शोभत नाही, म्हणून तो शिक्षकांसमोर निसटला की मुले तोंडावर हात ठेवतात. 'माल्दो आन्द्वे', म्हणजे हे तर बोलणेच होत नाही, हा उद्गार त्यापेक्षा सभ्य. 'सॉल्मा', म्हणजे छे, असे कसे होईल, हा त्याहून सावध. आणि त्याच्याबद्दल 'सॉल्माच माणसाचा घात करतो' अशी म्हणही आहे, कारण 'होणार नाही' म्हणत बसणाऱ्याचेच नुकसान होते.

या स्वगताची खरी अडचण फोनच्या पडद्यावर झाली. २०१० साली आलेल्या काकाओटॉकवर सगळा देश गप्पा मारतो. तिथे लिहिलेल्या प्रत्येक निरोपाशेजारी तो अजून किती जणांनी वाचायचा आहे, हा आकडा दिसतो आणि वाचणारा वाढला की तो कमी होतो. अशा जागी हवेशी बोलणार कसे? हवा नाहीच, तिथे फक्त वाचणारे आहेत. मग लोकांनी नाटकाच्या संहितेतली युक्ती उचलली आणि कंसात रंगसूचना लिहायला सुरुवात केली: (उसासा), (मान हलवत), आणि माझी सर्वांत लाडकी, (दूरचा डोंगर), म्हणजे वक्ता आता तुमच्याकडे न पाहता क्षितिजाकडे पाहतो आहे. ज्यांना एवढेही लिहायचे नसते ते वाक्याशेवटी दोन अर्धविराम (;;) ठेवतात. ते कपाळावरून ओघळणारे घामाचे थेंब असतात.

चाकणच्या त्या पुरवठादारांचा मला मध्यंतरी फोन आला. बुजांग-निम आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर थेट इंग्रजीत लिहितात, त्यामुळे माझी गरज एरवी उरलेली नाही. "मॅडम, त्यांनी फक्त 'ओके' लिहिलंय आणि पुढे दोन अर्धविराम टाकलेत. टायपिंगची चूक आहे का?"

मी म्हटले, "चूक नाही. घाम आहे."

"मग मी काय उत्तर देऊ?"

"उत्तर देऊ नका. ते तुम्हाला बोललेलेच नाहीत. माल पाठवा."

"गाडी निघालीये मॅडम," ते म्हणाले.